खोडरबर, रॅम आणि अप्पांचं दुकान

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जुने पार्ट साठतात, तसेच किस्सेही साठतात. फरक एवढाच की पार्ट भंगारवाला घेऊन जातो, किस्से कुणीच नेत नाही! ते दुकान सोडून मला बरीच वर्षं झाली. आता मी नांदेडला असते, मुजीबभाईही नांदेडलाच लेकीकडे असतात. तरी त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "सुषमाबेटा, ते अहमदपूरचे मास्तर आठवून ऱ्हायलेत का?" झालं! इकडे गॅसवरचं दूध उतू जातं आणि आम्ही दोघं लातुरात पोचलेलो असतो.

दुकान औसा रोडला होतं. मालक शिवराजअप्पा. कपाळावर भस्माचे ठळक पट्टे, अंगात पांढराशुभ्र शर्ट आणि आवाज असा, की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन जावा. अप्पा स्वतः मशीनला हात लावायचे नाहीत. "तुम्ही मशीन थंड ठेवा, मी गिऱ्हाईक थंड ठेवतो," म्हणायचे. मुजीबभाई आमचे मुख्य मेकॅनिक. आणि मी भोकरची, हार्डवेअरचा कोर्स करून तिथं कामाला लागलेली.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनचं दुखणं एकच असायचं. रॅम! म्हणजे कॉम्प्युटर काम करताना जी मेमरी वापरतो ती बोटभर रुंदीची हिरवी पट्टी. कुठं धूळ बसलेली, कुठं उन्हानं तापलेली, कुठं कुणी दोन वेगळ्या जातीच्या पट्ट्या एकाच मशीनमध्ये कोंबलेल्या. मुजीबभाईंचा पहिला इलाज म्हणजे शाळेतलं खोडरबर. पट्टीच्या सोनेरी कडेवरून ते हळूच फिरवायचे, फुंकर मारायचे आणि परत तिच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, बसवायचे. कितीतरी मशीन तेवढ्यावरच उठून चालू लागायची.

ते दिवस दुष्काळाचे होते. नळ महिना महिना कोरडे. शहराला पाणी रेल्वेनं यायचं! दुकानात येणारा माणूस आधी पाण्याचं बोलायचा, मग उदगीरचा नवा जिल्हा कधी होणार त्याचं बोलायचा, आणि उठताना आठवण झाल्यासारखं म्हणायचा, "आणि हो, आमचा कॉम्प्युटर चालू होत न्हाई बगा."

*

कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर वीज साठते. टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट वाजतं ना, तीच. तसल्या हातानं रॅमला शिवलं की चांगली पट्टीही खलास होऊ शकते. म्हणून मुजीबभाई काम सुरू करण्याआधी जमिनीत गेलेल्या लोखंडाला हात लावून यायचे. आमच्या दुकानासमोर तसं लोखंड एकच होतं, नगरपालिकेच्या काळापासूनचा नळ!

शेजारी मंगलवहिनींचं शिलाईचं दुकान. मुजीबभाई नळाला हात लावतात हे त्यांनी पाहिलं, की त्या मशीनवरून उठून बादली घेऊन धावायच्या.

"आलं का हो, भाई?"

"न्हाई वहिनी. मी करंट सोडायला आलतो."

असं चार-पाचदा झालं. मग गल्लीत कुणीतरी उठवलं, की मुजीबभाईंना नुसत्या हातानं पाइपातलं पाणी कळतं. लोक दुकानात येऊन विचारायला लागले, "भाई, जरा हात लावून बघा की, ह्या आठवड्यात येतंय का?" मुजीबभाई एकदा इतके वैतागले, की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवताच ओरडले, "उद्या येणार! जावा आता!"

आणि दुसऱ्या दिवशी आलं की हो पाणी!

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी शटर उघडलं, तर दारात ही रांग. एकाच्याही हातात कॉम्प्युटर नाही. अप्पांनी रांगेकडं पाहिलं, मग मुजीबभाईंकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मुजीब, दुकानाचा बोर्ड बदलून घेऊ का?"

*

आता ते अहमदपूरचे मास्तर. निवृत्त, गणिताचे. धोतर, काळी टोपी, आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय. त्यांच्या मशीनमध्ये आम्ही चार जीबी रॅम टाकून दिली. दोनच दिवसांत कॉम्प्युटरचा अख्खा डबा एस.टी.त मांडीवर घेऊन मास्तर हजर!

"चार म्हणून सांगितलंत. हे तीन पॉइंट पंचवीस दाखवतंय. म्हणजे सव्वातीन. माझं पाऊण कुठं गेलं?"

खरं तर कुठंच गेलं नव्हतं. त्यांच्या मशीनमधली सिस्टीम जुन्या पद्धतीची होती, बत्तीस बिटवाली. तिला त्याच्यापुढं मोजताच यायचं नाही. मुजीबभाई तसं समजावायला लागले.

"मास्तर, आत चार हायेतच. फक्त त्याला दिसून नाई ऱ्हायले."

हे ऐकलं आणि मास्तर भडकले! त्याच सकाळी त्यांचं घरी टँकरवाल्याशी वाजलं होतं. "तो बी हेच म्हणतो! टँकर भरलाय मास्तर, फक्त तुम्हाला दिसत न्हाई! सगळा मराठवाडा मलाच शिकवायला निघालाय का?"

अप्पांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी डबा उघडला, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या आणि मास्तरांच्या हातात ठेवल्या. त्यांनी चष्मा पुसला. एकीवरचं लेबल वाचलं, दुसरीवरचं वाचलं.

"दोन. आणि दोन. चार," मास्तर म्हणाले. "बेरीज बरोबर आहे तुमची."

मी पट्ट्या बसवल्या, मशीन चालू केलं. पुन्हा तीन पॉइंट पंचवीस! मास्तर खुर्ची ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. थोडा वेळ नुसतं बघत राहिले. चाळीस पोरांच्या वर्गात एखाद्याकडं बघावं तसं.

मग आमच्याकडं वळून म्हणाले, "तुमची काही चूक न्हाई. ह्यालाच पहिलीत बसवा परत!"

*

एकदा भल्या सकाळी भोकरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटचा फोन आला. परीक्षा तोंडावर, पोरींचा सराव चालू, आणि एका मशीनची रॅम गेलेली. रॅम लातुरातून आजच्या आज पाठवायची होती. त्या काळी आमचं कुरिअर म्हणजे एस.टी.चा ड्रायव्हर. पुडकं त्याच्याकडं द्यायचं, गाडीचा नंबर फोनवर सांगायचा, पलीकडचा माणूस स्टँडवर उभा!

मुजीबभाईंचा रॅमबद्दल एक नियम होता. धूळ नको, दाब नको. म्हणून ते पट्टी तिच्या पिशवीत घालून, वरून फडकं गुंडाळून, स्टीलच्या डब्यात ठेवायचे. तसलाच डबा त्यांचा जेवणाचाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पण आम्हाला तेव्हा कळलं नाही ना!

दुपारी दीडच्या सुमारास आम्ही जेवायला बसलो. मुजीबभाईंनी डबा उघडला आणि तसेच बघत राहिले. आत फडकं. फडक्यात पिशवी. पिशवीत हिरवी पट्टी. अप्पा आपल्या ताटातली शेंगाचटणी बाजूला सारत म्हणाले, "मुजीब, आज कोरडंच जेवतोस होय?"

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. पलीकडं इन्स्टिट्यूटच्या बाई. बाई फार अदबीनं बोलायच्या.

"मॅडम, पार्सल मिळालं. आभारी आहे. दोन भाकऱ्या, ठेचा आणि कांदा आहे. मशीनला स्लॉट दोनच आहेत. ठेचा कुठल्यात टाकू?"

*

उदगीर वेगळा जिल्हा होणार, अशी हवा तेव्हा जोरात होती. रोज कुणीतरी मुंबईहून पक्की बातमी आणायचं. उदगीरला बसवराज नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचं छपाईचं आणि टायपिंगचं दुकान. बसवराज उत्साही माणूस. त्यांनी थांबायचं कशाला? सगळ्यात आधी दुकानाच्या बोर्डावर "जि. उदगीर" रंगवून घेतलं. मग गिऱ्हाइकांसाठी नव्या जिल्ह्याच्या लेटरहेडचा नमुना करायला घेतला. मागं किल्ल्याचा मोठा फोटो, वर सोनेरी अक्षरं.

आणि तिथं घोडं अडलं. फाइल उघडली की निळा पडदा! मशीन बंद.

बसवराज मशीन घेऊन लातूरला आले. चेहरा पडलेला.

"येन माडोदु, अप्पा! काय करावं आता? जुनी जि. लातूरची फाइल उघडली की गुमान चालतंय. जि. उदगीरची उघडली की मरतंय. मी देवळात जाऊन आलो, नारळ फोडला. तरी तसंच!"

मुजीबभाईंनी मशीनचा डबा उघडला. आत दोन पट्ट्या. एक मूळची, दुसरी बसवराजांनी पुतण्याच्या जुन्या मशीनमधली काढून स्वतःच बसवलेली. आम्ही दोन्ही एकेक करून तपासायला लावल्या. मूळची स्वच्छ निघाली. पुतण्याची लावली, तर स्क्रीनवर लाल ओळीच लाल ओळी. पट्टीचा एक भाग मेलेला! लहान फाइल त्या भागापर्यंत पोचायचीच नाही. किल्ल्याचा मोठा फोटो उघडला की मेमरी भरत भरत तिथवर जायची आणि मशीन कोसळायचं.

मी हे सगळं बसवराजांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मन काही भरलं नाही. ते मुजीबभाईंकडं वळले, "भाई, तुम्ही सांगा खरं. माझ्या जिल्ह्याशीच ह्याचं काय वैर?"

मुजीबभाई खराब पट्टी खोक्यात टाकत म्हणाले, "वैर न्हाई, बसवराजजी. त्याला अजून जीआर मिळाला न्हाई!"

*

एक किस्सा हसायचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

औश्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दोन भावांचं आडतीचं दुकान होतं. थोरले सोमनाथदादा, धाकटे विश्वनाथ. शेतकऱ्यांचा माल यायचा, ह्यांच्या मार्फत विकला जायचा. दुष्काळात मालच येईना. दुकान रिकामं, माणसं रिकामी, मग बोलण्याला बोलणं लागत गेलं. शेवटी वाटणी झाली. एका दुकानाची मधोमध भिंत घालून दोन दुकानं.

थोड्याच दिवसांत विश्वनाथ मशीन घेऊन आमच्याकडं आले. "कधीपण हँग होतंय. हिशोब अर्ध्यात जातोय." मुजीबभाईंनी उघडून पाहिलं. दोन पट्ट्या, दोन वेगळ्या जातीच्या, वेगळ्या वेगाच्या. एकमेकींशी जुळत नव्हत्या.

"ही दुसरी कुठून आणली?"

विश्वनाथ मशीन तिथंच ठेवून निघून गेले.

आणि दोन दिवसांनी सोमनाथदादा आले! तेच दुखणं. उघडलं, तर ह्यांच्यातही दोन वेगळ्या पट्ट्या. मुजीबभाईंनी दोन्ही मशीन टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मला हाक मारली. ह्यातली एक नि त्यातली एक, अगदी जुळ्या! ह्यातली दुसरी नि त्यातली दुसरी, त्याही जुळ्या!

अप्पांनी सोमनाथदादांना विचारलं. मग खरं बाहेर आलं. दुकानात आधीपासून दोन कॉम्प्युटर होते. एक जरा बरा, एक साधा. वाटणीत बरा कुणी घ्यायचा, यावरून पंचांसमोर तट पडला. तेव्हा कुणीतरी तोडगा काढला, की आतलं सामानही अर्धं अर्धं करा, कुणाला कमी-जास्त नको. म्हणून दोघांनी आपापल्या मशीनमधली एकेक पट्टी काढून दुसऱ्याला दिली होती. न्याय एकदम चोख. आणि दोन्ही मशीन बंद!

"नवीन काही घ्यायचं न्हाई," मुजीबभाई अप्पांना म्हणाले. "ह्याची त्याला, त्याची ह्याला. बस."

"तू आज करू नको," अप्पा म्हणाले. त्यांनी दोघांनाही निरोप धाडला, उद्या अकराला या, तुमच्यासमोर केल्याशिवाय मी करणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. आमच्याकडं बाक एकच. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. मधे माणूसभर जागा. विश्वनाथ बाहेर रस्त्याकडं बघत होते, सोमनाथदादा छताकडं. मुजीबभाईंनी दोन्ही मशीनमधल्या परक्या पट्ट्या काढल्या, खोडरबर फिरवलं आणि अदलाबदल करायच्या आधी एकेक पट्टी दोघांच्या हातात दिली. "ज्याची त्याला तुम्हीच द्या," म्हणाले.

मी उगाच टेबल पुसत राहिले.

मग विश्वनाथ उठले. हात पुढं केला आणि खाली मान घालून म्हणाले, "दादा, तुझी घे."

सोमनाथदादांनी ती घेतली. आपल्याकडची दिली. दोन्ही मशीन चालू झाली, तासभर चालवून पाहिली, एकदाही अडकली नाहीत. निघायची वेळ झाली. सोमनाथदादा दारापर्यंत गेले आणि परत आले. मुजीबभाईंच्या कानाशी लागून म्हणाले, पण आवाज असा, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"भाई, माझ्या भावाची नीट बसली का बघा पुन्हा एकदा. त्याला लई घाई असती."

*

औश्याच्या पुढं एका गावात दयानंद नावाच्या माणसाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर होतं. पीकविम्याची मुदत संपत आलेली, दारात शेतकऱ्यांची गर्दी, आणि मशीन रोज एकदा तरी जागीच गोठायचं. मग आपोआप बंद होऊन चालू व्हायचं आणि लांब लांब बीप द्यायला लागायचं. रॅमचा ठरलेला आवाज! दयानंद दोनदा आमच्याकडं मशीन घेऊन आला. आमच्या टेबलावर ते दिवसभर गुण्यागोविंदानं चाललं.

"इथं शहाणं होतंय, तिथं गेलं की येडं," दयानंद रडकुंडीला आला. "लोकांची मुदत जाईल, मग मला गावात ऱ्हाऊ देतील का?"

मी आणि मुजीबभाई गावात गेलो. सेंटर रस्त्याच्या वळणावर. आम्ही बसलो. सगळं छान चाललेलं. दुपार झाली, आणि एकदम स्क्रीन गोठली. मशीन बंद, चालू, आणि बीऽऽप... बीऽऽप...

समोरच्या घराच्या ओट्यावर गयाबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना दिसायचं कमी, पण कान तीक्ष्ण. बीप ऐकताच त्यांनी गल्लीकडं तोंड करून हाळी दिली, "आला गं, आला! घागरी घ्या!"

घराघरातून बाया घागरी घेऊन धावल्या. आणि वळणावरून पाण्याचा टँकर आत शिरून पुढं पाराकडं जाताना आम्हाला दिसला.

मुजीबभाई खाली वाकून बघत राहिले. सेंटरमधली एक लांब फरशी थेट गटारावरून रस्त्यापर्यंत गेलेली. भरल्या टँकरचं चाक वळताना फरशीच्या त्या टोकावर चढायचं, की ह्या टोकावरचं टेबल उडायचं. रॅमच्या स्लॉटची एका बाजूची पकड तुटलेली. धक्का बसला की पट्टी जरा उचलली जायची, आणि मशीन बोंब मारायचं!

मुजीबभाईंनी पट्टी चांगल्या स्लॉटात बसवली, टेबल फरशीवरून काढून आतल्या भिंतीला लावलं. मुदतीच्या आत सगळ्यांचे फॉर्म भरून झाले. दयानंदनं आम्हाला पेढे पाठवले.

आठवड्यानं दयानंद पुन्हा दारात. बरोबर गयाबाई, एस.टी.नं आलेल्या.

"लेकी," गयाबाई मला म्हणाल्या, "ते कोकलायचं बंद झालं बघ. टँकरवाला गर्दीला भिऊन हॉरन वाजवत न्हाई. पाराजवळचे लोक भरून मोकळे होत्यात. आमच्या गल्लीला कळूस्तोवर टँकर रिकामा. पैल्यासारखं करून दे."

"अहो आजी, मग फॉर्म कसे भरायचे?" दयानंद कळवळला. "आणि मी काम सोडून गल्लीत बोंबलत फिरू का?"

अप्पांनी नुसतं मुजीबभाईंकडं पाहिलं. मुजीबभाईंनी भंगारातला एक जुना डबा ओढला. रॅम नसलेला. त्याला एक मोठा स्पीकर जोडला आणि बटन दाबलं. रॅमच नाही म्हटल्यावर त्यानं असा टाहो फोडला, की मंगलवहिनी बाहेर येऊन बघायला लागल्या!

"टँकर खिडकीतून दिसला की नुसतं बटन दाबायचं," मुजीबभाई दयानंदला म्हणाले. डबा खिडकीत ठेवला गेला. गल्लीला पाणी मिळायला लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात दयानंदचा प्रिंटर बिघडला म्हणून मी त्या गावात गेले. सेंटरच्या दारात पोचते, तर आत कुठल्याशा ऑफिसातून तपासणीला आलेले एक इंजिनिअर. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. खिडकीतला डबा उघडून बसलेले, हातात नवी कोरी रॅम. दयानंद नेमका बाहेर गेलेला.

"आजी, बाजूला व्हा जरा," ते हसून म्हणत होते. "ह्याच्यात मेमरीच नाही, म्हणून बोंबलतंय बिचारं. आपल्याकडून टाकून देतो. एकदम व्यवस्थित चालेल बघा."

कमरेवर रिकामी घागर घेतलेल्या गयाबाईंनी चाचपडत चाचपडत त्यांचं मनगट गाठलं आणि घट्ट धरलं.

"लेकरा, तुजं भलं होवो," त्या म्हणाल्या, "पर त्याला शहाणं करू नगंस!"